किसनाची हाळी

६ फेब्रु.
सकाळी वस्तीवर पोलिसांची जीप आली. आवाज आला तशी सगळी वस्ती ज्वारीत. एरवी आईला गुडघ्यानं उठवत नाही, तीसुद्धा पदर खोचून पळाली. एकटा किसन पालापुढं उभा राहिला, हातात आधार कार्ड घेऊन. कारण मी सांगितलं होतं. संघटनेच्या दर बैठकीत मी तेच सांगते, पारध्यानं पळायचं नाही, पळाला की चोर ठरतो, थांबायचं, कार्ड दाखवायचं, कशासाठी आलात विचारायचं. आज तासगावकडच्या वस्तीवर मी हेच सांगत होते आणि इकडं माझा सख्खा धाकटा भाऊ ते ऐकत होता. त्यालाच नेला.
गावात एका बंगल्यात चोरी झालीय परवा रात्री. सोनं गेलं म्हणे. म्हणे.

७ फेब्रु.
ठाण्यात म्हणतात, असा कुणी इथं आणलाच नाही. आणि दाराशी त्याची चप्पल. अंगठा तुटलेला, मीच शिवून आणली होती.
आम्ही बायका बाहेर उन्हात. दत्ताभाऊ आत. संघटनेचे जुने, रिटायर फौजी, जातीनं मराठा, त्यांना खुर्ची आणि चहा. हसत बाहेर आले. सबुरीनं घे म्हणाले, साहेब चांगला हाय. भाऊ आत कोंडलाय आणि साहेब चांगला! मागच्या आठवड्यात द.भा.नीच विचारलं होतं, किसन यंदा कुणाच्या बागेत राखणीला आहे. सहज. सहज कोण विचारतं?

८ फेब्रु.
एकदाचा कोर्टात उभा केला. कोठडी मिळाली. सांगलीच्या वकीलबाई आपणहून आल्या, फी नको म्हणाल्या, म्हणून मला त्यांचाही संशय. त्यांनी कागद वाचला. 'आरोपी पळून जात असताना शिताफीने पाठलाग करून ताब्यात घेतले.' परत वाचा म्हटलं. परत तेच.
पळाली ती सगळी घरी. थांबला तो पळाला.
किसन लंगडत होता. माझ्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१० फेब्रु.
व.बाई विचारतात, चोरीच्या रात्री कुठं होता? अहो, आबांच्या द्राक्षबागेत, जागल्या म्हणून. बंगला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. साक्षीला कोण? म्हटलं, अख्खी शीव. जागल्यानं रात्रभर मधून मधून हाळी द्यायची, पलीकडच्या बागेतल्यानं उलट हाळी द्यायची. मालक अंथरुणात पडून ऐकतो, हाळी आली म्हणजे जागल्या जागा आहे. किसनाची हाळी तर ओढ्यापलीकडं जाते. कुणीही सांगेल.

११ फेब्रु.
कुणीही सांगत नाही.
पलीकडचा बागवाला: "आली आसंल. मी काय कान दिऊन बसलोय व्हय?" त्याचा जागल्या तर गावालाच गेलाय, कधी येईल माहीत नाही. बरोबर आत्ताच गेला.
आबा अंगणात पेपर वाचत होते. पोरगं लय चांगलं हाय म्हणाले, पर मी झोपलो हुतो. झोपणारच की! माझ्या भावाच्या घशावर इतकी वर्षं झोपलाय हा माणूस.
आणि एक. जीप आली त्याच दिवशी आबांनी गडी पाठवून किसनाला राखणीला दिलेली बॅटरी परत नेली. आई म्हणते, जीपच्या आधी. आईला वेळेचं काही कळत नाही. पण आधी असेल तर जीप येणार हे त्यांना

१३ फेब्रु.
ठाण्यासमोर ठिय्या. माण तालुक्यातनं बायका आल्या, साताऱ्याच्या पोरी डफ घेऊन आल्या. द.भा. डोक्यावर टॉवेल टाकून दिवसभर आमच्यात बसले, आत चहाला बोलावलं तर गेले नाहीत. संशय जायला पाहिजे होता. सगळा गेला नाही.
आपल्या वस्तीतनं मोजून कोण आलं? कुणीच नाही. रात्री आई म्हणाली, "तुज्या शाळंनं माजं प्वार खाल्लं." जेवले नाही.

१५ फेब्रु.
पाण्याला गेले तर हौदाजवळ आबांच्या घरच्या काकू उभ्या. आबांच्या बायकोनं आमच्या वाटेला यायचं काही कारण नाही. मी म्हटलं, आता काय न्यायचं राहिलं? रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नवा जागल्या शिट्टी मारतो, डोळ्याला डोळा लागत नाही.
मग म्हणाल्या, "त्या रातीला हाळी ऐकली का, ते मला न्हाई सांगता यायचं. पर थांबली आस्ती तर मला जाग आली आस्ती. मला जाग आली न्हाई."
मी घागर खाली ठेवली. कोर्टात सांगाल? ह्यांना विचारते म्हणाल्या. दोन पावलं गेल्या, परत आल्या. "न्हाई इचारत."
बॅटरीचं विचारलं. पदर सारखा केला. "त्ये इचारू नगं."
म्हणजे आधीच नेली.

१८ फेब्रु.
सांगली. कोर्टाच्या फाटकाशी उभी. येणार नाहीत म्हणून मनाशी धरलंच होतं. आबा सोडतील होय? तर द.भा.ची मोटारसायकल, मागं काकू, तोंडावर पदर. द.भा.नी मला सांगितलंसुद्धा नव्हतं. सांगितलं असतं तर मी काहीतरी वाकडं बोलले असते, हे त्यांना माहीत. लाज वाटली.
काकूंनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. व.बाई म्हणतात, जाग न आल्याचा पुरावा आजवर मांडला नाही, सरकारी वकील हसेल.
जाताना काकू म्हणाल्या, घरी काय व्हायचं ते होईल.

१९ फेब्रु.
हसला. जज्जसाहेब नाही हसले, परत वाचायला लावलं. जामिनाचा निकाल उद्या.
संध्याकाळी चुलीपाशी आईला सांगत होते, किसन आला की त्याला म्हणू, तू थांबलास ते बरोबरच होतं. तेवढ्यात गाडीचा आवाज.
मधलं आठवत नाही. ज्वारीत उकिडवी बसले होते, कोपरं खरचटलेली, चप्पल कुठं गेली कळेना. शेजारी आई. द्राक्षाचा टेम्पो होता, वाट चुकलेला. तो वळून गेला तरी मला उठवेना. आईनं माझ्या केसातलं पातं काढलं. म्हणाली,
"बस आजून. परत फिरत्यात कदी कदी."
बसले.
उद्या सुटला तर विचारेल, आक्का, आता जीप आली की काय करू.