मागच्या फळीवरचा दुसरा माणूस

दि. २ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवशी झोपा काढायच्या सोडून पत्र लिहायला बसलोय, कारण या आठवड्यात जे बघितलं ते तुला सांगितल्याशिवाय घास गोड लागणार नाही.

आमच्या भागात कचरा उचलायच्या दोन पद्धती शेजारीशेजारी लावून बघतायत. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे आम्ही नेहमीचे तिघं, म्हणजे ड्रायव्हर आणि मागच्या फळीवर मी आणि पैलवान. दारात ठेवलेल्या पिशव्या उचलायच्या, गाडीत फेकायच्या, पुढे. रस्त्याच्या पलीकडे नवी गाडी. तिकडे घरटी एक चाकांचा डबा दिलाय, कमरेएवढा, झाकणाचा. घरातल्यांनी तो ढकलत कडेला आणून ठेवायचा. गाडीत माणूस एकच, आणि तो खाली उतरतसुद्धा नाही. आतून दांडी ओढली की गाडीच्या कुशीतून लोखंडी हात निघतो, डब्याला मिठी मारतो, वर नेऊन पालथा करतो आणि परत जागेवर ठेवतो. मी फळीवर आ वासून उभा. आमच्या ड्रायव्हरने दोनदा हाका मारल्या त्या ऐकूच आल्या नाहीत.

पैलवान आठवतो का तुला? माझ्या लग्नात त्याला बघून तू विचारलं होतंस, या काडीला पैलवान नाव कुणी ठेवलं म्हणून. मला या कामाला लावलं ते त्यानेच. पिशवी गळ्याशी धरायची, मांडीला टेकवायची नाही, आत काच असते, हे सगळं त्याचं शिकवलेलं. तो बिचारा दिवसभर त्या गाडीकडे वळून वळून बघत होता. संध्याकाळी एवढंच म्हणाला की बारक्या, त्या गाडीला मागे फळीच नाही रे.

साहेबांनी महिनाभराची मुदत दिलीय. जी पद्धत लवकर काम उरकेल ती सगळीकडे. डबे जिंकले तर आम्ही दोघं घरी. माझं मी काहीतरी बघेन, पण पैलवानाची बायको गेली, लेक परगावी, त्याच्या घरी आहे कोण? त्याचं सगळं गणगोत म्हणजे ही गाडी आणि या गल्ल्या. म्हणून आम्ही ठरवलंय, पळायचं. त्या लोखंडी हाताला दाखवून द्यायचं.

माझी काळजी करू नकोस, लोखंड चावून पचवेन असा आहे. दाजीही आता असल्याच गाडीत बसतात ना? पोट किती सुटलं ते कळव.

लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बारक्या

दि. ९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र हसत वाचायला घेतलं आणि ‘पळायचं ठरवलंय’ इथे आल्यावर हातातलं काम टाकून लिहायला बसले. अरे, तुझं वय काय, त्या पैलवानांचं वय काय? शर्यती लावायला तुम्ही शाळेतली पोरं आहात का?

दाजींचं पोट सुटलंय, आणि मला ते सुटलेलं बघून बरं वाटतं. फळीवर होते तेव्हा एकदा पिशवीतली सुई तळव्यात घुसली ती किती महिने ठसठसत होती, मूठ मिटता येत नव्हती. पाऊस असो, ऊन असो, घरी आले की आधी खांदा शेकायचा आणि मग माणसासारखं बोलायचं. आता गाडीत बसून जातात, बसून येतात. परवा धाकटीला खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. मी दारात उभी राहून बघतच राहिले, डोळ्यांवर विश्वास बसेना.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील ताई नवऱ्याचीच बाजू घेते. डबा भरला की भरला, उरलेली पिशवी दारातच कुजते. डब्यासमोर कुणी मोटार लावली तर तो लोखंडी हात नुसता हवेत वळवळतो. समोरच्या निवृत्त बाईंना तो डबा चढावर ढकलवत नाही, मग नियमात नसताना दाजीच उतरून ओढतात आणि वर बोलणी खातात. आणि जुन्या गाडीवरचे यांच्याबरोबरचे ते दोघं. परीक्षा देऊन दाजी एकटेच चालक झाले. एक जण कुठेतरी फाटकावर रखवालीला बसतो. दुसरा रस्त्यात दिसला तर तोंड फिरवतो. 

म्हणून सांगते, हाताने उचलणंही वाईट नाही आणि चाकांचे डबेही देव नाहीत. तू आपला मुकाट्याने गाडी चालवायची परीक्षा दे. आणि पळू नकोस. लहानपणी पैज लावून झाडावरून उडी मारली होतीस, तेव्हा तुला घरी मी उचलून आणलं होतं. आता मला उचलवणार नाहीस.

भावजयीला आशीर्वाद आणि चिमणीला गोड पापा. लोभ आहेच, पण ऐकलंस तर वाढेल.

तुझी,
ताई

दि. २ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, जिंकलो. माझा अजून विश्वास बसत नाही. शेवटचा पूर्ण आठवडा रोज आम्ही आधी, ते मागून.

कसं केलं ते ऐक. पैलवान गाडीच्या आधीच गल्लीत जायचा आणि दारादारातल्या पिशव्या कोपऱ्यावर आणून रचायचा. गाडी आली की मी दोन्ही हातांनी फेकायचो. ड्रायव्हर पुरता थांबायचाच नाही, नुसता हळू व्हायचा. चहाची सुट्टी बंद, पाणीसुद्धा धावता धावता. गच्चीतून बायका टाळ्या वाजवायला लागल्या, एका आजोबांनी तर स्वतःच पिशवी घेऊन माझ्याकडे पळायला सुरुवात केली. पलीकडे काय झालं सांगू? लोखंडी हाताची पकड सुटली आणि अख्खा डबाच गाडीच्या पोटात गेला. चालक गाडीवर चढून आत वाकून बघतोय आणि ज्या घराचा डबा ती बाई खाली उभी राहून आमचा डबा परत द्या म्हणून भांडतेय. पैलवान हसून हसून खाली बसला. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं.

पेंढ्यासारखा वाळलाय, पण परवा मला म्हणाला की आता मरेपर्यंत फळीवर उभा राहीन, कुणाची हिंमत आहे बघू. सोमवारी साहेब स्वतः गाड्यांच्या आवारात येऊन निकाल सांगणार आहेत. तुझ्या त्या परीक्षेचं राहू दे आता. दाजींना म्हणावं, कंटाळा आला तर इकडे या, आमच्यात जागा करू.

मी एकदम ठणठणीत. लोभ आहे, जिंकणाऱ्यावर थोडा जास्त कर.

तुझा,
बारक्या

दि. ८ मार्च

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहितेय, रागावू नका. ठणठणीत आहे असं हे तुम्हाला कळवतात. गेले काही आठवडे ह्यांच्या पायात मोजे मी घालतेय. खाली पडलेला चमचासुद्धा चिमणी उचलून देते, ह्यांना वाकवत नाही. सकाळी भिंतीला धरून उठतात आणि बाहेर पडले की पळतात. मी बोलले तर म्हणायचे, निकाल लागेपर्यंत दम धर.

निकाल लागला. मला घरी येऊन ड्रायव्हरभाऊंनी सांगितला, कारण हे बोलायलाच तयार नव्हते. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, कौतुक केलं. म्हणाले, डबे नकोत, ती गाडी परत पाठवतो, आपली हातानेच उचलायची पद्धत सरस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच दमात पुढे म्हणाले, इतक्या लवकर काम उरकतं म्हणजे मागे दोन माणसं जास्तच होतात. यापुढे फळीवर एकच. आणि वेळ उरतोय तर रस्त्याच्या पलीकडची घरंही याच गाडीला.

ताई, आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला हो ह्यांनी. साहेबांनी विचारलं, दोघांत तरुण कोण?  तेव्हा पैलवानांनीच ह्यांच्या पाठीवर हात ठेवून ह्यांना पुढे केलं. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, तो हात लागल्यावर हे कळवळले, पण साहेबांना वाटलं आनंदाने डोळे भरले.

तेव्हापासून हे घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसतात. तुमचं ऐकतील, दुसऱ्या कुणाचं नाही. दाजींनाही विचारा. आपला लोभ हाच आम्हाला आधार.

आपली,
भावजय

दि. १५ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

मला कुणी कळवलं ते विचारू नकोस आणि घरात कुणावर डोळे वटारू नकोस. पत्र वाचता वाचता मी मोठ्याने ओरडले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कुणीतरी गेलं.

आधी पाठीचं. डॉक्टरांकडे गेल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस. ठणठणीत म्हणे. लाज नाही वाटत मोठ्या बहिणीला असं लिहायला?

आता कामाचं. दाजींना मी सगळं वाचून दाखवलं. काल जेवता जेवता म्हणाले, त्याला सांग, चाल. एवढंच. मी म्हटलं नीट सांगा, तर म्हणाले की साहेबाने जे बघितलं ते धावणं होतं, चालणं त्याने बघितलेलंच नाही. रोज माणसाच्या चालीने काम करायचं. चहाची सुट्टी घ्यायची. पिशवी एका वेळी एका हाताला एक. वेळ संपली की गाडी आवारात, राहिलेल्या गल्ल्या राहू द्यायच्या. लोक ओरडतील, ओरडू दे. तुला शिव्या देतील, त्या खायच्या. ओरड साहेबांच्या खुर्चीपर्यंत गेली की दुसरा माणूस द्यावाच लागेल, आणि मग तू पैलवानांचं नाव घे. यात त्रास आहे, पण पैलवानांना परत आणायचा दुसरा रस्ता दाजींना तरी दिसत नाही.

मलाही दिसत नाही. तुला पळायला जमलं, आता चालून दाखव. लोभ आहे, आणि काळजी त्याच्या दुप्पट.

तुझी,
ताई

दि. ३० मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांकडे जाऊन आलो, पट्टा बांधलाय, वजन उचलू नका म्हणाले. मी काय काम करतो ते सांगितल्यावर त्यांनी पट्टा आणखी घट्ट आवळला. घरात कुणावर डोळे वटारले नाहीत. मोजे अजून तीच घालते.

दाजींनी सांगितलं तसंच केलं. पैलवानाच्या घरी जाऊन त्यालाही सगळं समजावलं. म्हटलं, कचरा साठला तरच तुला परत घेतील, थोडे दिवस दम धर. त्याने मान डोलावली, चहा केला, माझ्या पाठीची चौकशी केली. आणि मी चालायला लागलो. ताई, पळण्यापेक्षा चालणं अवघड आहे. ज्या बायका टाळ्या वाजवत होत्या त्याच आता दारात उभ्या राहून कामचोर म्हणतात. पिशव्या घेऊन पळणाऱ्या त्या आजोबांनी तर माझ्याकडे पाठ फिरवली. राहिलेल्या गल्ल्यांत कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या. मी खाली मान घालून पुढे. पहिला आठवडा असाच गेला आणि आमचा मुकादम म्हणाला की साहेबांना फोनवर फोन येतायत. मला वाटलं, जमलं.

मग या आठवड्यात एका सकाळी पहिल्या गल्लीत शिरलो तर पिशव्या कोपऱ्यावर रचलेल्या. दुसरीतही तेच. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.  पुढच्या वळणावर पैलवान दिसला, दोन्ही हातांत पिशव्या, आमच्याकडे पाठ. मुकादम मागून मोटरसायकलवर येत होता. त्याने हे बघितलं असतं तर साहेबांना सांगायला मोकळा, की बघा, एका माणसात सगळं उरकतं.

मी गाडीवरून उतरलो आणि त्याच्यावर ओरडलो. कसा ओरडलो ते लिहवत नाही. घरी जा म्हणालो, कुणी बोलावलंय तुला म्हणालो, माझं काम नासवू नकोस म्हणालो. सगळ्या गल्लीसमोर. ज्याने मला या फळीवर उभं राहायला शिकवलं त्याला मी हाडतुड करून हाकललं. तो म्हणाला की तुला पाठ वाकवताना बघवत नाही, आणि आपल्या गल्ल्यांत असा वास कधी नव्हता. मी म्हटलं, ठेव त्या पिशव्या.

त्याने ठेवल्या. कोपऱ्यावर नाही, ज्या दारांतून उचलल्या होत्या त्याच दारांत परत नेऊन ठेवल्या, एकेक करून. मग हात पँटला पुसले आणि मला विचारलं, की बारक्या, मग सकाळी उठून मी जायचं कुठे?

ताई, मुकादम जवळ आला होता. मी वळलो आणि पुढच्या दाराकडे चालत गेलो.

लोभ आहेच. या वेळी तो मागायला जीभ रेटत नाही, तरी असू दे.

तुझा,
बारक्या