आमच्या डेअरीचं हेरखातं

मु. पो. पणदरे

तीर्थस्वरूप रावजीमामांना भाचा ज्ञानेशचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता देवळाच्या पायऱ्या चढू देतो का? मामींचा खोकला थांबला का? आम्ही इकडं खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन मुद्दामच केला नाही. तुम्ही स्पीकर लावून बोलता आणि नरसिंहपुरात आलेल्या भाविकांनाही माझी खबर प्रसादासारखी वाटली जाते.

मी कंप्युटरवरचे खेळ बनवतो हे तुम्हाला ठाऊक आहे (तुम्ही पाहुण्यांना "शेती बघतो" असं सांगता, हे मलाही ठाऊक आहे). सध्याच्या खेळात दोन राजे एकमेकांचा मुलूख घेतात, त्याआधी हेर पाठवतात. हेरखातं माझ्याकडं. माझा हेर शत्रूच्या गावात जायचा आणि खरी बातमी घेऊन परत यायचा. आमच्या कंपनीचे लखनसाहेब म्हणाले, असं कुठं असतं का? हेराला लोकांनी थापाही मारल्या पाहिजेत, त्यातलं खरं कुठलं हे खेळणाऱ्यानं ओळखायचं. आता थापा कशा मारतात हे शिकायला मी गाव सोडून कशाला जाऊ?

डेअरीवर दूध घालायला आलेल्या सगळ्यांना सांगून ठेवलं, की उद्या एक परका माणूस माझी चौकशी करत येईल, त्याला मनाला येईल ते खोटं सांगा. बारामतीचा माझा मित्र रविराज हेर होऊन यायचा होता. त्याची गाडी वाटेत पंक्चर झाली, आणि नेमके त्याच सकाळी, म्हैस बघायच्या निमित्तानं, नुकतीच मी जिला बघून आलो त्या निकिताचे चुलते डेअरीवर आले. मुलगी द्यायच्या आधी असा एक माणूस गुपचूप येऊन जातो, ही आपली रीत. तो मुहूर्त सांगून येत नाही, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

मामा, आपल्या माणसांनी कसूर ठेवली नाही. गेणूतात्या म्हणाले, "त्येचं लगीन कवाच झालंय की, दोन पोरं हायत." सारजाकाकूंनी भर घातली, "बायकू ऱ्हायलीय कुठं हितं? रडत माहेरी गेली." कुणीतरी बोलता बोलता मला दारूही पाजली. चुलत्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला, म्हशीकडं पाहिलंसुद्धा नाही. दुपारी रविराज पोचला तोवर सगळ्यांच्या थापा संपल्या होत्या. त्याला एकमुखानं सांगण्यात आलं, की पोरगं सोन्यासारखं हाय. संध्याकाळी निकिताच्या वडिलांचा निरोप आला: जमायचं न्हाय.

हसू नका मामा. ती मला मनापासून आवडली आहे. बघायच्या कार्यक्रमात बाकीचे आमच्या रानाला पाणी विहिरीचं की पाटाचं विचारत होते. तिनं एकटीनं विचारलं, की तुमच्या खेळात हरलेल्या राजाचं पुढं काय होतं? तेव्हापासून रोज रात्री मी त्या राजाचं पुढं काय करावं ते लिहून खोडतोय, झोप येत नाही. तिचं घर तुमच्याच आळीत. तेवढं जाऊन सांगा, की भाचा अविवाहित आहे, निर्व्यसनी आहे, फक्त मूर्ख आहे.

तुमचा,
ज्ञानेश

ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात निकिताचाच फोन आला. आमच्या अंगणवाडीतल्या बाई तिच्या ओळखीच्या निघाल्या. त्यांच्याकडं माझं एकही पोर नाही, अशी तिनं खात्री करून घेतली आणि घरच्यांना गप्प केलं. तेव्हा तुम्ही जायची गरज नाही. माझ्या हेरखात्याला मात्र तिनं नापास केलं. म्हणाली, "एवढं मोठं खोटं सांगत्यात व्हय? खोटं बारीक असावं. नको असलेलं स्थळ आलं, की मी एवढंच पसरवते, पोरगी घोरते म्हणून. कोण खात्री करणार?" हा नियम खेळात जसाच्या तसा घालतोय.

ता. ता. क. मामींचं तिच्या आईकडं जाणं-येणं आहे. सहज विषय काढून, माझं नाव अजिबात न घेता, ते घोरण्याचं खोटंच आहे ना, तेवढं काढता येईल का?