फक्त मालकांचा हुरडा

४ जानेवारी, सकाळी
लिफ्टमध्ये पुन्हा उसाची चिपाडं. शी! काम भाडेकरूंचंच. आम्हा मालकांपैकी एकालाही ऊस चावता येत नाही, आणखी पुरावा कशाला? एकेकाळी उस्मानपुऱ्यात आमच्या बिल्डिंगचा दरारा होता.
संकल्प: बिल्डिंग स्वच्छ करणे. सुरुवात माणसांपासून.

६ जानेवारी
मीटिंग. दौलताबादची हुरडा पार्टी यंदा फक्त मालकांची, असा ठराव मांडला. ज्याच्या नावावर फ्लॅट, त्यालाच बसमध्ये सीट. टाळ्या. फक्त आमच्या बायकोनं, शैलानं, वाजवल्या नाहीत. तिला तत्त्वाचं काही कळत नाही.

९ जानेवारी
दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू गोकुळ जिन्यात भेटला. म्हणाला, काका, आमचं काय चुकलं? म्हटलं, वैयक्तिक काही नाही, तुम्ही बाहेरचे. कुठले, तर देवगाव रंगारीचे. तासाभराच्या गावाहून येतात आणि शहराची वाट लावतात. मी जालन्याहून आलो, पण ते वेगळं. मी बदलीवर आलो होतो.
त्याच्या बायकोनं शैलाला तिळाची चटणी दिली. मी हात लावणार नव्हतो, पण भाजी अळणी होती.

१४ जानेवारी
भाडेकरू तिळगूळ घेऊन दारात. गोड बोलून आत शिरायची ही यांची रीत. किळस आली. मी दार उघडलं नाही. शैलानं उघडलं.

१७ जानेवारी
सेक्रेटरी हिमांशूचा फोन. बसमध्ये माझी सीट नाही. फ्लॅट शैलाच्या नावावर आहे म्हणे. आहेच. स्टॅम्प ड्युटी वाचावी म्हणून मीच केला. तेव्हा नातेवाइकांत माझ्या हुशारीचं केवढं कौतुक! हिमांशू म्हणतो, काका, ठराव तुमचाच.
शैलाला म्हटलं, तूही जाऊ नकोस. ती म्हणाली, अहो, तत्त्वाचा प्रश्न आहे. आणि स्वेटर शोधायला गेली.

१८ जानेवारी, रविवार
बस गेली. शैलाला खिडकी मिळाली. तिनं हात हलवला. मीही हलवला, सवयीनं.
मागोमाग भाडेकरूंची जीप निघाली, गोकुळच्या शेतावर हुरडा खायला. मन मोठं करून म्हटलं, एवढा आग्रह असेल तर येतो. आग्रह कोणी केला नव्हता. गोकुळ खाली उतरला, अदबीनं म्हणाला, काका, आमचा बी ठराव झालाय. जो भाडं भरतो त्यालाच जागा. तुमी तर भाडं बी भरत नाय.
जीपमधलं कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.
माणसं इतकी गटबाजी का करतात, देव जाणे. या वृत्तीची मला मनापासून शिसारी येते.
खिचडीला शिट्ट्या किती, ते विचारायला शैलाला फोन केला. तिकडं अंताक्षरी चालली होती. तिला ऐकू गेलं नाही.