घर ऑटोवर

ता. २ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

या पत्रापाठोपाठ एक खोकं येईल. बघून कपाळाला आठ्या घालू नका. आत माझा जुना टॅब आहे, तो भिंतीवर लावायची चौकट आहे, चार दिवे, दोन प्लग आणि दाराला चिकटवायचा एक सेन्सर. फोनवर तुम्ही ‘बरंय’ म्हणता आणि ठेवून देता. एका शब्दात मुलीचा निकाल! पत्रात निदान चार ओळी खरडाव्या लागतात, म्हणून हे सगळं पत्रानेच कळवते आहे.

आई जाऊन तीन महिने झाले, आणि दादाने आता धोशाच लावलाय की घराला कुलूप घालून तुम्ही त्याच्याकडे यावं. तुम्हाला जायचं नाही हे तुम्ही एकदाच बोललात, तेही खिडकीकडे तोंड करून. मी त्याच्याशी कडाकडा भांडले आणि पंधरा डिसेंबरपर्यंतची मुदत घेतली. तोवर घर रोज वेळेवर जागं होतंय, किटली तापतेय, दिवे लागतायत-मालवतायत असं आम्हा दोघांच्या फोनवर दिसलं, तर तो हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही दिसलं, तर सोळा तारखेला गाडी घेऊन दारात उभा राहीन म्हणतो. दादा तसा वाईट नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. घाबरलाय, आणि घाबरला की हुकूम सोडतो.

आता कामाचं. टॅब सतत चार्जरला राहणार, म्हणून बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबेल असं करून दिलंय, नाहीतर ती फुगते. लॉक काढलाय, बोट लावलं की उघडेल. आधी टॅब वायफायला जोडा. मग एक दिवा लावा, तो टॅबमध्ये दिसला की त्याला नाव द्या, मगच दुसरा. चारही एकदम लावलेत तर कोण कुठला ते कळणार नाही आणि मला दोष द्याल. चौतीस वर्षं पंपघराचं पॅनेल सांभाळलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे आजीला अंगाई शिकवणं आहे, तरी सांगते.

आमच्या दातांच्या लॅबमध्ये कामाचा ढीग आहे. या आठवड्यात अकरा कवळ्या. जेवत जा.

तुमची,
भिंगरी


ता. ९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खोके पोचले. यादीप्रमाणे सर्व वस्तू मिळाल्या. काल सकाळी दहाला काम सुरू केले, दुपारी सव्वाला पूर्ण झाले.

टॅब स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावला, जमिनीपासून चार फूट दहा इंचांवर. पाणसळ लावून पाहिली, सरळ आहे. त्या जागी हिची चष्म्याची खुंटी होती, ती काढावी लागली. काढताना काही वाटले नाही. वाटायला हवे होते का, ते कळवणे.

दिवे एकेक करून जोडले. नावे देताना सवयीने एक, दोन, तीन, चार असे नंबर टाकले, मग तुझी बोलणी आठवली आणि खोल्यांची नावे दिली. किटलीला एक प्लग, हीटरला दुसरा. दाराचा सेन्सर दोनदा पडला, तिसऱ्यांदा चौकट पुसून घेतल्यावर टिकला. आता सर्व घर एका काचेवर दिसते. जे चालू ते हिरवे, बंद ते करडे. आमच्या पॅनेलपेक्षा रंग जास्त आहेत, बाकी फरक नाही.

यात वेळापत्रकाचीही सोय दिसली. ठरल्या वेळी वस्तू आपोआप चालू-बंद होतात. आमच्याकडे ऑटोचा खटका होता, तसेच. अजून हात लावलेला नाही.

समोरच्या शिंपीणबाई दर दोन-तीन दिवसांनी दूध आणि पाव आणून देतात. नको म्हटले तरी ऐकत नाहीत. हे पत्रही त्याच टाकतील. दादाला सांग, मी ठीक आहे. थंडी पडली आहे.

आशीर्वाद आहेतच.
बाबा


ता. १६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही कमाल केलीत! सकाळी लॅबमध्ये जाताना बसमध्ये फोन उघडते, तर तुमच्या घरातले दिवे लागलेले. सहा चाळीसला न्हाणीघर, सातला किटली, साडेसातला बैठकीची खोली. संध्याकाळी पुन्हा सगळं. दादालाही दाखवलं. आधी हूं म्हणाला, मग स्वतःच दिवसातून चार वेळा बघायला लागला. वहिनी म्हणाल्या, तो जेवताना ताटाकडे बघत नाही, तुमच्या हीटरकडे बघतो. काल तो मला म्हणाला की बाबा आपल्यापेक्षा शिस्तीत राहतायत, उगाच मागे लागलो.

खुंटीचं तुम्ही विचारलंत. मलाही कधीकधी काही वाटत नाही. आईची साडी इस्त्रीला देताना वाटलं नाही, आणि परवा दुकानात तिच्या मापाच्या चपला दिसल्या तर दहा मिनिटं तिथेच उभी होते. रडूही आलं नाही, नुसती उभी. त्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही.

खरं सांगू? तुम्हाला फोन करायला मला भीती वाटायची. तुमचा आवाज ऐकला की दिवस जायचा नाही. आता हिरवा ठिपका दिसला की जीव भांड्यात पडतो आणि मी कामाला लागते. चांगली सोय झाली.

काय काय खाता, ते लिहा. शिंपीणबाईंना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
भिंगरी


ता. २४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र मिळाले. घर व्यवस्थित चालू आहे. एकही दिवा चुकलेला नाही. मंगळवारी दोन मिनिटे वीज गेली होती, आल्यावर टॅबने सर्व आपोआप पूर्ववत केले. यंत्र चांगले आहे.

दादा समाधानी आहे हे वाचून बरे वाटले. म्हणजे तसे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिले.

खाण्याचे विचारलेस. खातो.

आशीर्वाद.
बाबा


ता. ३० नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिते आहे, जे उतरेल ते वाचा.

काल सुट्टी होती म्हणून तुमच्या घराची मागची नोंद उघडून बसले. न्हाणीघर सहा चाळीसला चालू, सहा सत्तेचाळीसला बंद. आदल्या दिवशी तेच. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. अकरा तारखेपासून सलग एकोणीस दिवस, एका मिनिटाचा फरक नाही. मी दात बनवते, बाबा. खऱ्या तोंडात दोन दात सारखे नसतात. सगळे एका मापाचे दिसले की समजावं, कवळी आहे.

तरी मनाला म्हटलं, बाबांची शिस्तच तशी. मग किटलीचा प्लग उघडला. तो नुसता चालू-बंद सांगत नाही, वीज किती ओढली तेही सांगतो. आठ, नऊ, दहा तारखेला ओढली आहे. अकरापासून रोज सातला प्लग चालू, आणि वीज शून्य. हीटरचंही तसंच. लहानपणी तुम्ही मला पंपघरात नेलं होतंत. तिथे मला काट्यासमोर उभं करून सांगितलं होतंत की पंप चालू आणि काटा शून्यावर, म्हणजे पंप फिरतच नाहीये, दिवा काहीही म्हणो. आयुष्यभर तो काटा बघणारा माणूस हे विसरला? की मी बघणारच नाही, अशी तुमची खात्री होती?

तशी खात्री असेल तर ती बरोबरच होती. मी एकोणीस दिवस फक्त हिरवा ठिपका पाहिला. दार त्या दिवसांत सहाच वेळा उघडलं होतं, तेही दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, थंडी आहे. मला सोपं होतं म्हणून म्हटलं. तुमच्यावर रागावले आहे आणि माझी मलाच लाज वाटते आहे, आणि यातलं काय जास्त आहे ते कळत नाही.

काल दुपारी तुम्हाला सात फोन केले. शेवटी शिंपीणबाईंना केला. त्या तुमच्या दाराशी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, आहेत, दार उघडलं, दाढी वाढलीय. तेव्हा कुठे मी खाली बसले.

दादाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो आजच निघेल. नाही सांगितलं तर पंधरा तारखेला तो खूश होऊन विषय मिटवेल, आणि तुम्ही त्या घरात तसेच पडून राहाल. दोन्ही माझ्याच्याने होत नाही. म्हणून आधी तुम्हाला विचारते. खरं काय ते लिहा. छान लिहू नका.

तुमची,
भिंगरी


ता. ८ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काटा मी विसरलो. यात लबाडी नव्हती, किंवा होती तेवढी पुरी नव्हती. लबाडी करणाऱ्याने किटलीत पाणी भरून तिचे बटण तरी दाबून ठेवले असते.

झाले ते असे. दहा तारखेला रात्री झोपताना ते वेळापत्रक भरले. गंमत म्हणून नाही, वाईट हेतूनेही नाही. उद्या सकाळी उठून दिवे लावायचे आहेत, ते तुम्हा दोघांना दिसले पाहिजेत, याचे ओझे वाटत होते. ते ओझे यंत्रावर टाकले. अकराला सकाळी पलंगावरून पाहिले. न्हाणीघराचा दिवा लागला, सात मिनिटांनी मालवला. किटलीच्या प्लगचा टक् आवाज आला. बैठकीत उजेड पडला. मी उठलो नव्हतो, आणि माझा दिवस होऊन गेला होता. मला हलके वाटले. गेल्या चार महिन्यांत काही वाटले असेल तर तेवढेच.

मग तसेच चालू राहिले. दूध-पाव खायचो, बहुतेक वेळा पाव नुसताच. अंघोळ किती दिवस केली नाही ते लिहीत नाही. बैठकीत दिवा लागे तेव्हा मी निजायच्या खोलीत असे, आणि इथला दिवा मालवे तेव्हा मी जागा असे. दुःख होत होते असे नाही. तेच लिहायचे आहे. दुःख झाले असते तर उठलो असतो. ही गेल्यापासून मला काही होतच नाही. हात चिमटला तर कळते, एवढेच.

आमच्या खात्यात नियम होता. पंप ऑटोवर टाकला तरी दर तासाला खाली उतरून त्याला हात लावून यायचे. गरम आहे का, थरथरतो आहे का. नव्या लोकांना मीच तो शिकवला. मला हात लावायला कोणी नव्हते असे म्हणत नाही. शिंपीणबाई दार वाजवत होत्या, त्या दिवशी तू सात फोन केलेस. मीच कोणाला जवळ येऊ दिले नाही.

तुझे पत्र चार तारखेला आले. वाचून ते वेळापत्रक काढून टाकले. पाचला घर दुपारी बारापर्यंत अंधारात होते. बाहेर ढग होते. मी वाट पाहत राहिलो की कोणीतरी दिवा लावेल, आणि मग लक्षात आले की मीच राहिलो आहे. उठलो, न्हाणीघरापर्यंत गेलो, दिवा लावला. दाढी अर्धी केली. हात भरून आला म्हणून बसलो. उरलेली संध्याकाळी केली. सहा तारखेला दोनच दिवे लावले. काल एक. आज अजून काहीच नाही. तुला फोनवर हे दिसलेच असेल. हे खरे आहे.

दादाला तू सांगायची गरज नाही. त्याला मी आज वेगळे पत्र लिहिले आहे, त्या वेळापत्रकासकट. तो रागावेल, मग येईल, मग मला घेऊन जातो म्हणेल. मला इथून जायचे नव्हते. म्हणून तर हे सर्व केले. पण इथे राहायला मिळावे म्हणून जे केले, त्यात मी इथे राहिलोच नाही. घर राहत होते. तेव्हा दादा काय म्हणतो ते आता मी ऐकून घेईन. हो म्हणेन की नाही, ते मला आज सांगता येत नाही.

मला एकट्याला जमत नाही. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, पत्राची तारीख पाहा. पाचला लिहायला घेतले होते.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असे लिहायची रीत आहे. तुझा आहेच, तो मला ठाऊक आहे. पण तो टपालाने पोचत नाही, भिंगरे. या खेपेला घेऊन ये.

बाबा