घोड्यांच्या हौदातली उडी

प्रिय डार्ला,

कॅनबला थंडी पडू लागली. घोडी बरी आहे, माझा गुडघा बरा नाही. फोनवर तू "जेवलात का?" असं विचारतेस आणि मी हो म्हणतो. डब्यातल्या गार बीन्सना जेवण म्हणत असतील, तर ते खोटं नाही.

परवा गावात दरवर्षीचा सिनेमा झाला. तोच, इथेच चित्रित झालेला, ज्यातला जुगारी पत्त्यांच्या डावात घोडा, बूट आणि शेवटी पँटही हरतो. गावाबाहेर तो कुठे चाललाच नाही. आहे ती एकुलती एक प्रत आपल्या थिएटरात. लोक अजूनही प्रत्येक वाक्य नटाच्या आधी म्हणतात आणि जुगारी लबाडी करायला लागला की पडद्यावर पत्ते फेकतात. दारूच्या गुत्त्याच्या गॅलरीतून घोड्यांच्या हौदात पडतो तो मात्र नट नव्हे, त्याच्या जागी मी, लाल लांब चड्डी-बंडीत. खाली उभ्या बायकांनी किंचाळायचं ठरलं होतं. त्यांतली एक खो खो हसत सुटली. ती तुझी आई. तेव्हा मला तिचं नावही ठाऊक नव्हतं. दिग्दर्शक तापला, पण लाल कपड्यांचा जोड एकच होता आणि तो चिंब भिजला होता. त्यामुळे ते हसू सिनेमात राहून गेलं.

ती गेल्यावर मी थिएटराकडे फिरकलो नव्हतो. यंदा तिचं हसू ऐकायचं होतं. पण त्या उडीला सगळे इतके खिदळतात की ते कधी ऐकूच येत नाही. पूर्वी बिघडत नसे, ती शेजारी बसून नव्यानं हसायची. म्हणून थिएटरवाल्या लीलंडला म्हटलं, तेवढ्यापुरतं लोकांना गप्प राहायला सांग.

"विनोदी सिनेमाला हसू नका म्हणून सांगू? उद्या म्हणशील, पॉपकॉर्न खाऊ नका."

मग तो वरमला आणि दुपारी माझ्या एकट्यासाठी सिनेमा लावतो म्हणाला. मी म्हटलं, रिकाम्या जागी बसायला मला घर पुरेसं आहे.

त्यानं लोकांना सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. मी पडलो, पाणी उडालं आणि त्या शांततेत तुझी आई हसली. एकटीच. ज्यासाठी गेलो होतो तेच मला ऐकवेना. एवढी माणसं बसलेली आणि तिला साथ द्यायला कुणी नाही. मी हसायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

म्हणून हे लिहितोय. आईला पोचवून तू गेलीस ती परत आली नाहीस. हे घर तुला सोसत नाही, हे कळतं मला. मीही कधी ये म्हटलं नाही. आता म्हणतोय. पुढच्या खेळाला ये, माझ्या शेजारी बस, आणि मी पडलो की मोठ्यानं हस. तिचं हसू ऐकू आलं नाही तरी चालेल.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा