तासकुदुक येथील अणुबाँबचा फलक उतरवून त्याजागी गोवऱ्यांचा फलक लावण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
हवामान माहिती व जनप्रबोधन कार्यालय,
जिल्ह्याचे ठिकाण.

अर्जदार : कामशात तोलेगेनक्झी, वय ७१, राहणार तासकुदुक, दवाखान्यासमोरचे घर.

विषय : दवाखान्याच्या भिंतीवरील फलक व तांबडा दिवा काढणे आणि आपण स्वतः एकदा अर्जदाराच्या घरी येणे.

संदर्भ : अर्जदाराचे अर्ज, ता. ११ नोव्हेंबर व ता. ९ डिसेंबर. दोन्हींना उत्तर नाही. जे आले त्याला अर्जदार उत्तर म्हणत नाही.

महोदय,

अर्जदार तीन इयत्ता शिकलेली आहे. अर्जात चुका सापडतील, त्या काढत बसू नये. आपल्या कार्यालयाच्या चुका काढण्यासाठी हा अर्ज आहे.

१. ऑक्टोबरात आपले येरनारसाहेब गाडीवर भोंगा लावून गावात आले. पृथ्वीवर किती जास्तीची उष्णता साठते आहे ते साध्या माणसाला कळावे, म्हणून त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर फलक लावला : ‘दर सेकंदाला पाच अणुबाँब फुटावेत एवढी उष्णता.’ खाली छत्रीसारख्या ढगाचे चित्र. तेच भोंग्यावरून गावभर दोनदा ओरडून सांगितले.

सरकारने ज्या माळावर चाळीस वर्षे बाँब फोडून पाहिले त्या माळाच्या कडेला आमचे गाव आहे. ती छत्री इथल्या म्हाताऱ्या माणसांनी पहिल्यांदा पाहिली ती चित्रात नव्हे.

अर्जदाराने साहेबांना जागेवरच विचारले, “दुसरं उदाहरण नाही मिळालं का रे, बाळा?”

साहेब म्हणाले, “आजी, मोठे आकडे लोकांना कळत नाहीत. काहीतरी ओळखीचं द्यावं लागतं.”

अर्जदार म्हणाली, “ओळखीचं आहे खरं. उद्या बुडून मेलेल्याच्या घरी जाऊन पाण्याची खोली समजावशील.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतले आणि चहा मागितला. चहा दिला. दारात आलेल्याला देतो, म्हणून दिला.

२. अर्जदाराची थोरली नणंद ऊलजान, वय ८०, अर्जदाराजवळ राहते. ती आठ वर्षांची असताना शिपाई गावात आले होते. खिडक्या, चुलीची दारे सताड उघडा, नाहीतर काच फुटेल, आणि आम्ही येऊन उठा म्हणेपर्यंत बाहेर चरात पालथे झोपा, असे सांगून गेले. गाव झोपले. धक्का आला, वारा आला, पण शिपाई काही परत आले नाहीत. संध्याकाळी वासरे हंबरायला लागली तेव्हा बायका आपल्या मनाने उठल्या. ऊलजानला तिच्या आईने ओढून उठवले.

भोंगा ऐकला त्या दिवसापासून ऊलजान पहाटे उठून घराच्या सगळ्या खिडक्या उघडते, चुलीतला विस्तव बाहेर काढून टाकते आणि भिंतीकडेला जमिनीवर पालथी होते. अर्जदार खिडकी लावते, ती उघडते. बाहेर उणे अठ्ठावीस आहे. तिच्या छातीत पाणी झाले आहे. नर्सबाईंनी लिहून दिले आहे की असेच चालले तर ती हा महिना काढणार नाही. जगात उष्णता जास्त झाली हे समजावून सांगताना आपण एक म्हातारी गारठवून मारत आहात, याची नोंद आपल्या दप्तरी घ्यावी.

३. पहिल्या अर्जानंतर आपल्या कार्यालयाने फलकाखाली कागद चिकटवला : ‘बाँब हे केवळ उदाहरण आहे.’ अक्षर मुंगीएवढे. ते वाचायला जवळ गेलेल्या दोन म्हाताऱ्या बर्फावर घसरून पडल्या. दुसऱ्या अर्जानंतर, गावाला विषय नीट समजलेला दिसत नाही असे ठरवून, आपण फलकावर तांबडा दिवा बसवला. तो दर सेकंदाला पाच वेळा लागतो आणि विझतो. तो अर्जदाराच्या खिडकीसमोर आहे. ऊलजान पालथी पडून ते मोजते. अर्जदाराने फलकावर घोड्याची झूल टाकली, तर सरकारी माहिती झाकल्याची नोटीस आली. तिसऱ्या अर्जावर आपण काय बसवाल या भीतीने अर्जदाराने महिनाभर हात आवरला होता.

४. उष्णता वाढते हे अर्जदाराला पटत नाही असा अर्थ कोणी काढू नये. मागच्या जानेवारीत आमच्याकडे पाऊस पडला. जानेवारीत. त्याचा बर्फावर काचेसारखा थर धरला, गवतासाठी तो फोडता फोडता घोड्यांचे खूर रक्ताळले आणि अर्जदाराच्या अकरा घोड्या गेल्या. तेव्हा किती उष्णता, कुठून, हे अर्जदारालाही कळायला हवेच आहे. पण माणसाला समजेल असे सांगायचे तर त्याने ज्याची ऊब घेतली आहे ते सांगावे. ज्याने तो भाजला ते नव्हे.

निवृत्त गणित शिक्षक सेरिककाली यांच्याकडून अर्जदाराने गुणाकार करून घेतला आहे. आमच्या एका घराला हिवाळाभर पाच टन गोवऱ्या लागतात. आपले पाच बाँब म्हणजे ढोबळमानाने साडेचार हजार घरांच्या गोवऱ्या. आपल्या जिल्ह्यात घरे तेवढीच आहेत. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याने ऑक्टोबर ते एप्रिल जाळायचे ते सगळे एका सेकंदात. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेवढेच.

अर्जदाराने हे दुकानातल्या रांगेत सांगितले. कोणी जमिनीवर पडले नाही. दुकानवाली मरियाश म्हणाली, “एका सेकंदात? एवढं शेण घालतंय तरी कोण?” अर्जदार म्हणाली, “सगळं जग. त्यात तुझ्या नवऱ्याची जीपपण आली, दोन घरं टाकून जायचं तरी काढतो ती.” रांग हसली. मग मरियाशने दुकानाची शेगडी बारीक केली. आपल्या भोंग्याने तीन महिन्यांत शेगडी बारीक झाली नव्हती.

५. तरी फलक व दिवा काढावा. त्याजागी गोवऱ्यांचा फलक लावावा, मजकूर अर्जदार फुकट देईल.

६. परंतु एवढ्याने ऊलजान उठणार नाही, म्हणून मुख्य मागणी वेगळी आहे. अर्जदार तिला रोज सांगते, “ताई, बाँब नाही गं, उठा.” ती म्हणते, “तू सरकार आहेस का? शिक्का कुठाय तुझा?” गावच्या मुख्याने सांगितले, तर म्हणाली, “तू काल शेंबडा होतास.” तिचा मुलगा शहरातून येऊन रडला, तरी ऐकले नाही. तिचे म्हणणे एवढेच, की झोपा म्हणून सांगायला वरून माणूस आला होता, उठा म्हणूनही वरूनच येईल.

येरनारसाहेबांना पाठवू नये, त्यांना ती भोंगेवाला म्हणून ओळखते. आपण यावे. टोपी, बिल्ला, शिक्का, जे काही आपल्याला सरकारने दिले असेल ते घालून यावे. भाषण करू नये, आकडा सांगू नये. ऊलजानशेजारी गुडघे टेकून बसावे, कारण उभ्याने बोललेले तिला आता ऐकू येत नाही, आणि म्हणावे, “संपलं. सरकार सांगतंय. उठा.”

हे सांगायला आपल्या माणसांना बहात्तर वर्षे उशीर झाला आहे. अर्जदार आणखी शुक्रवारपर्यंत थांबेल.

नम्र लिहायची पद्धत आहे म्हणून, आपली नम्र,

कामशात तोलेगेनक्झी
(सही स्वतःची आहे, अंगठा नाही)

तासकुदुक, ता. १४ जानेवारी

सोबत :
१. सेरिककाली यांचा गुणाकार, दोन पाने.
२. नर्सबाईंची चिठ्ठी. हिची प्रत ठेवलेली नाही. येताना परत आणावी.