साकवाच्या अलीकडे

ता. २० फेब्रु., शुक्र.
आले: साबुदाणा अर्धा किलो, रु. ४०. सासूबाईंच्या पायाला चोळायचे तेल, रु. १८५ (मागल्या खेपेस १७०). सुतळी, रु. २०. मालगुंडहून अक्काचे कार्ड, पन्नास पैसे, ते तिचे.
अक्काला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आम्हा बहिणींचे सगळे कार्डावर. दर कार्डात तीन नवले. दोन खरी, एक थाप. थाप मी ओळखून कळवायची, आणि माझी तीन पाठवायची. आजची:
१) साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, यातले काहीच मूळचे आपले नाही. सगळे सातासमुद्रापलीकडून आले.
२) माकुल या मासळीला तीन हृदये असतात.
३) घुबड मान पूर्ण गोल फिरवते.
पहिले थाप धरून चालले होते. एकादशीचे ताट परदेशी कसे असेल? सासूबाईंना वाचून दाखवले. खाटेवरूनच म्हणाल्या, "मग आता इतक्या वर्षांचे उपास देव परत देणार काय गो?" हसून ठसका लागला त्यांना.

ता. २१, शनि.
घुबडाचे खोटे. पाऊणच फिरवते. ह्यांना माहीत होते, बागेत बघतात. म्हणजे साबुदाणा खरा. आणि माकुलही. आजवर किती माकुले साफ केली, तीन-तीन हृदये नळाखाली धुऊन टाकली असतील. कळले नाही.
तेल चोळले. सासूबाईंच्या पोटऱ्या चांगल्या भरल्यात. तेल बरे आहे, महाग असले तरी.

ता. २५, बुध.
पोस्टमनभाऊ अंगणातूनच ओरडले, "वहिनी, वटवाघूळ! वटवाघूळ खोटं!" कार्ड हातात यायच्या आधी उत्तर. मी म्हटले, भाऊ, निदान मला एकदा वाचू द्या की. "उघडं कार्ड आहे, डोळे काय मिटून घेऊ?"
१) वटवाघूळ आंधळे असते. (थाप. मजा गेली.)
२) ब्रह्मदेशचा शेवटचा राजा कैदी म्हणून रत्नागिरीत राहिला आणि इथेच वारला. हे शाळेत होते. सासूबाई म्हणाल्या, त्याला राजवाडा तरी होता.
३) धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते नि आतून स्वतःच दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. महिनोन्‌महिने आत. नर फटीतून भरवतो.
हा पक्षी आमच्या वडावर येतो. एवढा रोज बघून ठाऊक नव्हते.
खाली कोपऱ्यात, अक्षर बारीक, पत्त्याला टेकलेले: "१४ मार्चला मुलाकडे बडोद्याला जाते. घर विकले. आता परत येणे नाही. त्याआधी एकदा येऊन जा."
दोनदा वाचले. पोस्टमनभाऊ गेले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते ते का, ते आता कळले.

ता. २६, गुरु.
मालगुंड किती लांब? सकाळच्या एस.टी.ने जाऊन दुपारी परत.
पण साकव ओलांडायचा नाही. कुणी बांधले नाही मला. माझे मीच.
गेल्या वर्षी माघात सासूबाई न्हाणीत पडल्या, खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी मान हलवली. त्या दिवशी देवळात, सगळ्या गावासमोर, गुरवकाकांकडून गाऱ्हाणे घालून नवस बोलले: आई पायावर चालेपर्यंत गावची शीव ओलांडणार नाही. शीव म्हणजे ओढ्यावरचा साकव. वाटले, पंधरा दिवस, फार तर महिना.
तेरा महिने झाले. भाचीचे लग्न गेले. डोळे तपासायचे राहिले. अक्काचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा अलीकडे उभी राहून एस.टी. गेलेली बघितली.
अक्काला इकडे आणावे तर तिचे गुडघे. आमची पाखाडी नव्वद पायऱ्यांची. ह्यांनी भाच्याला, अक्काच्या मुलाला, फोन केला. तो म्हणाला, सामानाची गाडी आहे मावसाजी, वाटेत थांबणं जमायचं नाही.

ता. २७, शुक्र. एकादशी.
देवळात गेले. गुरवकाकांना विचारले, नवस बदलून घेता येईल काय? दुसरे काही देते. एक वर्ष गोड सोडते. त्यांनी कौल लावला. देवीने डावा दिला.
"नाय म्हणत्ये. तू बोलली होतीस ना जोरात?"
होय, बोलले होते जोरात.
उपासाला वरी केली. साबुदाणा तसाच डब्यात आहे. 

ता. २ मार्च, सोम.
दोन दिवस लिहिले नाही.
शनिवारी दुपारी विहिरीवर कपडे घेऊन गेले. साबण घरीच राहिला म्हणून अर्ध्यातून परत. मागच्या पडवीकडून आले. सासूबाई अबोलीच्या वाफ्यापाशी उभ्या होत्या. काठी नाही, काही नाही. फुले खुडून ओच्यात टाकत होत्या, आणि कोंबडीला म्हणत होत्या, "सर गो मेले, पायात येतेस." मग तुळशीपर्यंत चालत गेल्या. पाणी घातले. परत आल्या. मी मोजले. बावीस पावले.
गवताच्या उडवीमागे बसून राहिले. त्या खाटेवर जाऊन पडल्यावर खोकत आत गेले. "आलीस गो? जरा कूस बदलून दे."
दिली.
तुळशीला रोज पाणी घातलेले दिसायचे. वाटायचे, हेच घालतात.
टिटवी असे सोंग करते. सड्याच्या उघड्या कातळावर अंड्यांजवळ कोणी गेले की पंख मोडल्यासारखी फरफटत चालते. अक्काच्या कार्डावर घालायला इतके खरे नवल कधी मिळाले नव्हते, आणि घालता येत नाही. पोस्टमनभाऊ साकवावर पोचायच्या आत गावभर होईल.

ता. ४, बुध.
आज तेल चोळता चोळता विचारले. "आई, कधीपासून?"
त्यांनी नाही म्हटले नाही. "दिवाळीपासून."
चार महिने. मी पाय चोळायचे थांबले. म्हटले, माझा नवस ठाऊक होता ना तुम्हाला?
"मी सांगितला होता काय बोलायला?"
मी तेलाची वाटी उचलून आत गेले. भात करपला.
संध्याकाळी त्यांनीच हाक मारली. रडत होत्या. म्हणाल्या, "मी उभी राहिले की धाकटा मला मुंबईला नेणार. ठरलंय दोघा भावांचं. मी झोपल्ये समजून बोलत होते. चार महिने इथं, आठ महिने तिथं. नवव्या माळ्यावर. मागं नेलन्‌ तेव्हा खिडकीतून नुसत्या खिडक्या बघितल्या मी. एक कावळा ओळखीचा नव्हता. तिथं मी मरेन गो बाय."
भाऊजी वाईट नाहीत. आईसाठी वेगळी खोली केली आहे. पण ते ऐकून घेत नाहीत, आणि हे त्यांच्यापुढे बोलत नाहीत.
मी म्हटले, आणि माझी अक्का?
त्यांनी माझा हात धरून ठेवलान्‌. सोडवून घ्यायला लागला.

ता. ६, शुक्र.
कार्ड नाही.
देवळापाशी गुरवकाका भेटले, शिमग्याची पालखी रविवारी आमच्याकडे. सहज विचारल्यासारखे विचारले, काका, समजा नवसातली गोष्ट झाली, पण कुणी पाहिली नाही, तर? म्हणाले, "गावासमोर बोललेला नवस गावासमोर फेडायचा. म्हातारी पालखीपुढं उभी राहिली तर तिथंच सुटलीस. का गो, काय फरक वाटतोय?"
म्हटले, तेल बरे आहे.

ता. ७, शनि.
भाऊजी आले, शिमग्याला. आईसाठी चाकांची खुर्ची घेऊन. सासूबाई खुर्चीकडे बघतात नि माझ्याकडे.
ह्यांना सांगावे का? सांगितले तर ते भावाला सांगतील. पोटात राहत नाही ह्यांच्या.
अंगण सारवले. पुरणाची डाळ भिजत घातली.

ता. ८, रवि.
पालखी आली. ढोल, गुलाल, सगळे अंगण माणसांनी भरलेले. सासूबाईंना खुर्चीतून बाहेर आणले. मी देवीची ओटी भरली. गुरवकाकांनी गाऱ्हाणे घातले, "ह्या घरच्या लेकराबाळांस राख," सगळे "व्हय महाराजा". मग काका माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "हिचा नवस अडकलाय. म्हातारी उभी राहत्ये काय?"
ढोल थांबले. सगळे बघतात. भाऊजी खाली वाकून म्हणाले, "आई, बघ जरा प्रयत्न करून. उभी राहिलीस तर मे महिन्यात गाडी घेऊनच येतो."
सासूबाईंनी पायाची बोटे आत ओढून घेतली. मी एकटीने पाहिले. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर, बोटांची कांडी पांढरी. मला वाटले उठतात. खरेच वाटले. माझ्यासाठी उठतील.
नाही उठल्या. पण माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणजे मी सांगितले असते तर उठल्या असत्या. तेवढे मला कळले.
मी म्हटले, "अजून जोर नाही हो काका."
देवी हातभर अंतरावर होती. 
पालखी गेल्यावर सासूबाई जेवल्या नाहीत. पुरणपोळी तशीच. मीही.

ता. ९, सोम.
भाऊजी पहाटेच्या गाडीने गेले. खुर्ची पडवीत.
आज अक्काला कार्ड नाही, आंतरदेशीय पत्र पाठवले. रु. २.५०. पोस्टमनभाऊ म्हणाले, "चिकटवलंत? एवढं काय गुपित वहिनी?" म्हटले, तुमच्याविषयी लिहिलंय. मुकाट्याने पिशवीत टाकलान्‌.
पत्राची नक्कल:

सौ. अक्कास सा. न.
या खेपेस नवले नाहीत. एकच गोष्ट लिहिते आणि ती थाप नाही. सासूबाई चालतात. दिवाळीपासून. मी पाहिले, आणि देवीने पाहिले असणारच. गावाने पाहिले नाही. गावाला सांगितले तर मी मोकळी, आणि त्या मुंबईला. त्यांना तिथे जायचे नाही, आणि त्यांचे खोटे नाही.
काल पालखीपुढे मीच खोटे बोलले. त्याचे काय होईल ते होवो.
आता तू मोठी, तू सांग. मी बोलले होते, "आई पायावर चालेपर्यंत". "गावाने पाहीपर्यंत" असे बोलले नव्हते. कौलात डावा आला, पण तेव्हा विचारलेले वेगळे होते. मग मी शनिवारी सकाळच्या एस.टी.ने साकव ओलांडला, तर देवीशी खोटी ठरेन की खरी? गाव काय म्हणायचे ते म्हणेल, ते मी बघेन. सासूबाईंना सगळे सांगितले आहे. त्या म्हणतात, तू जा, कुणी विचारलं तर माझं मी बघत्ये. पण ते म्हणताना त्यांचा आवाज कापत होता.
मला ठरवता येत नाही. तू होय म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तर इथूनच नमस्कार. शुक्रवारच्या टपालात तुझे उत्तर यायला हवे. वाट बघते. उलट टपाली कळव.